आवाज नेमका केव्हा येतो?

रविवारी सकाळी आमच्या कट्ट्यावर दोन-तीन विषय एकाच वेळी चालू असतात, आणि सहसा ते एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. परवा गेले. जी. ए. कुलकर्ण्यांच्या ‘इस्किलार’ या कथेचा अर्थ नेमका लावायचा कसा, असं कुणीतरी मास्तरांना विचारलं. त्याच वेळी पलीकडे बँकेतली मैत्रीण सांगत होती की गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकतं. आमचा वर्कशॉपवाला मित्र हातातला चहा खाली न ठेवता म्हणाला, “आधी रंग बघ. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं आहे, सोडून दे. हिरवट, गुलाबी काही दिसलं तर मात्र दाखवून घे.” मास्तर दचकले. त्यांना वाटलं, हा जीएंबद्दलच बोलतोय. मला तर ते उत्तर तिथेही शोभून दिसलं.

या मित्राला कुणी गाडीचं दुखणं सांगितलं की तो निदान सांगत नाही, उलट प्रश्न विचारतो. आवाज येतो, ठीक. पण नेमका केव्हा येतो? क्लच दाबल्यावर येतो, की दाबल्यावर थांबतो? दाबल्यावर येत असेल तर रिलीज बेअरिंग, थांबत असेल तर गिअरबॉक्समध्ये बघायला हवं. साठच्या पुढे घरघर सुरू होते? मग डावीकडे वळताना वाढते का बघा. वाढत असेल तर संशय उजव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण वळताना भार तिकडे जातो. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टकटक? सीव्ही जॉइंट. वेग, वळण, चढ, थंड इंजिन, गरम इंजिन हे सगळं विचारून झाल्यावर तो बॉनेटला हात लावतो, आणि पुष्कळदा तोवर उत्तर मिळालेलं असतं.

कथेच्या बाबतीत आपण इतका धीर धरत नाही. शाळेत ‘या कथेतून लेखकाला काय सांगायचे आहे?’ या प्रश्नाला पाच मार्क असत, आणि त्या पाच मार्कांनी मराठी वाचकाचं जेवढं नुकसान केलं तेवढं वाईट पुस्तकांनीही केलं नसेल. सांगायचंच असतं तर तो सांगून मोकळा झाला असता. कथा कशाला लिहीत बसला असता? अर्थात ही खोड आपलीच नाही. शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ २६ जून १९४८च्या ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून आली. छान ऊन पडलेल्या सकाळी एका साध्यासुध्या गावात सोडत निघते आणि जिची चिठ्ठी निघते तिला गावकरी दगडांनी ठेचतात. त्या उन्हाळ्यात जॅक्सनबाईंना तीनशेच्या वर पत्रं आली. लोक चिडले होते, गोंधळले होते, अर्थ मागत होते. खुद्द आईनेही कथा आवडली नसल्याचं कळवलं. पण मला सगळ्यांत मोलाची वाटतात ती वेगळीच पत्रं: अशा सोडती कुठल्या गावी होतात आणि तिथे बघायला जाता येईल का, अशी चौकशी करणारी. अंगावर काटा येतो. पण ती माणसं अर्थ विचारत नव्हती, पत्ता विचारत होती.

आमच्या मामाची प्रीमियर पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा आणि पुढे सलग बाक. ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आम्ही तिच्यातून कोकणात निघालो होतो. पुढे मामा आणि आजी, मधे मी. मागे मावशी आणि मावसभावंडं. पोलादपूर सोडून कशेडी घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात गाडीने दोन-तीन आचके दिले. मग बंदच पडली. मामाला त्याचं काही वाटलं नाही. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पंपातल्या पेट्रोलची वाफ झाली की पंप वाफच ढकलत बसतो, कार्बोरेटरला पेट्रोल मिळत नाही. त्याने फिरकीच्या तांब्यातलं पाणी पंचावर ओतलं, पंचा पिळून पंपावर गुंडाळला आणि दगडावर बसून बिडी शिलगावली. आता थांबायचं. आम्ही पोरं गोष्टीसाठी मागे लागलो.

मामाने याच घाटातली गोष्ट काढली. एक गाडीवान रात्रीचा एकटा बैलगाडी घेऊन चालला होता. वळणावर एक म्हातारी टोपली घेऊन बसलेली. “बाबा, मला वर सोडशील?” गाडीवानाने तिला मागे बसवलं. थोडं पुढे गेल्यावर बैल दमायला लागले. आणखी पुढे गेल्यावर त्यांच्या तोंडाला फेस आला. गाडी जड होत चाललेली, चाकं रुतायला लागलेली, आणि मागून म्हातारीचा आवाज नाही की हालचाल नाही. शेवटी बैल थांबलेच. गाडीवानाने कासरा ओढून धरला आणि हळूच मान मागे वळवली...

इथे मामाने उठून पंपाला हात लावला. “गार झाला. चला, बसा आत.”

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. आम्ही मागे लागलो, पुढे काय झालं? मामा म्हणाला, “गाडी सुरू झाली ना? मग!” त्याने ती गोष्ट पुढे कधीच सांगितली नाही. खेडपर्यंत आम्ही आमच्या परीने अर्थ लावत बसलो. थोरल्या मावसभावाच्या मते ती हडळ होती, त्यात वादच नाही. धाकट्याला वाटलं, गाडीवानाने गाडीत चोरीचा माल भरला होता आणि भुताचं निमित्त झालं. मावसबहिणीने एवढंच विचारलं, टोपलीत काय होतं? त्यावर सगळे गप्प झाले. तेव्हा डोळे मिटून बसलेली आजी म्हणाली, “तिला वर म्हणजे कुठे उतरायचं होतं, ते त्या मेल्याने आधी विचारायला नको?”

आजी वाचायला शिकली नव्हती. समीक्षेची पुस्तकं वाचताना मला तिचं हे वाक्य बरेचदा आठवतं, आणि बरेचदा पुस्तक मागे पडतं.

कशेडीला आता बोगदा झाला आहे. गाड्याही इंजेक्शनच्या आल्या. पंपावर ओला पंचा टाकायची पाळी कुणावर येत नाही. पेट्रोलच्या काट्याशेजारी एक इवलासा बाण असतो, तो तुम्ही पाहिला असेल. टाकीचं झाकण कुठल्या बाजूला आहे ते तो दाखवतो. फोर्डमधल्या जिम मॉयलन नावाच्या माणसाला १९८६ साली हे सुचलं, कंपनीची अनोळखी गाडी पंपावर नेली आणि झाकण दुसऱ्याच बाजूला निघालं म्हणून. पावसात भिजावं लागलं होतं त्याला. आल्यावर त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं आणि १९८९च्या मॉडेलांपासून बाण गाड्यांत आला. दुसऱ्याचा त्रास वाचवणाऱ्या अशा माणसांबद्दल मला फार आदर आहे. पण मास्तरांना जीएंच्या ‘रमलखुणा’ या संग्रहातही असा बाण हवा आहे, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. मला जीएंचाच ‘हिरवे रावे’ जास्त आवडतो, हे त्यांना त्याहून खटकतं.

कथा कशी वाचावी याबद्दल मी कुणाला सल्ला देत नाही. घाटाबद्दल मात्र देतो, कारण तो मामाचा आहे. उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. इंजिनाचा आवर सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. शिवाय हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंजिनाचं इंधन आपणहून तोडतात, त्यामुळे बचतही होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.