धातूवरचा हिमालय

सामान्य माणसाच्या घरात चित्र आले, ते बहुधा छापील रूपाने. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरीच्या भिंतींवर विराजमान झाल्या. मूळ तैलचित्रे किती जणांनी पाहिली असतील? तरीही त्या तसबिरींपुढे उदबत्ती लावताना कोणाला उणे वाटले नाही. म्हणूनच ‘ही तर नुसती प्रत’ असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही.

आता निसर्गचित्रे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावरही छापतात. नोएडातील एका कार्यशाळेत मी हे काम पाहिले. चित्र होते निकोलस रोरिक यांच्या हिमालयाचे. प्रथम ते एका विशिष्ट कागदावर उलटे छापले गेले. मग तो कागद लेप दिलेल्या पत्र्यावर पालथा घालून सुमारे दोनशे अंश सेल्सिअस तापलेल्या यंत्रात दाबला. उष्णतेने रंगाची वाफ होते आणि ती लेपात मुरते. गंमत अशी, की या शाईत पांढरा रंग नसतोच! जिथे बर्फ हवे तिथे काही छापायचे नाही. खालचा पांढरा लेपच बर्फ होतो. जलरंगात कागद कोरा राखतात, तसेच हे. लेप पारदर्शक असेल, तर मात्र शिखरांतून धातूच झळाळू लागतो.

त्या झळाळीने क्षणभर डोळे दिपले, पण मन साशंक झाले. रोरिक १९२८ पासून कुलू खोऱ्यातील नग्गर येथे राहिले. तेथेच १९४७ साली त्यांचे निधन झाले. १९७९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. दिल्लीत इंडिया गेटजवळ जयपूर हाउसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. तेथे त्यांची चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. त्यांचे माध्यम टेंपेरा. ते वाळले की त्याला चकाकी उरत नाही. तरीही शिखर उजळते, कारण त्याच्या पायथ्याशी गर्द निळ्या-जांभळ्या रांगा शांतपणे उभ्या असतात. हा उजेड चित्रकाराने रंगांच्या शेजारधर्मातून मिळवलेला आहे. पत्र्यावरचा उजेड खोलीतल्या दिव्याकडून उसना घेतलेला. आपण दोन पावले सरकलो की तोही सरकतो. खिडकीसमोर तर त्या हिमशिखरात मला माझाच चेहरा दिसला.

मूळ चित्रापर्यंत ज्याला कधी जाता येणार नाही, त्याच्यासाठी ही प्रतच रोरिक ठरणार आहे. त्याला आपण कोणता उजेड देणार?

कारागिराला विचारले, तेव्हा तो म्हणाला की, चकाकी नसलेला पांढरा लेपही मिळतो. गिऱ्हाईक मात्र चमकच मागते. मी तो बिनचमकीचा लेप निवडला. पत्र्याच्या मागे चित्रकाराचे नाव लिहून घेतले आणि त्याखाली ‘मूळ माध्यम : टेंपेरा’ एवढेच लिहायला सांगितले.