काचेतला समुद्र

समुद्र आमच्या दाराशी असला, तरी तो घरात आणण्याचा मोह आम्हांला पन्नाशी उलटल्यावर झाला. धर्मग्रामातील एका तरुणाने ६० लिटरची काचपेटी भेट दिली. शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवले, तापमान २६ अंशांवर राखले, तळाशी सच्छिद्र खडक रचले. पाणी स्फटिकासारखे दिसू लागले आणि तिसऱ्याच दिवशी आम्ही दोन क्लाउनफिश आत सोडले. आठवड्याच्या आत दोन्ही दगावले.

स्वच्छ दिसणारे ते पाणी विषारी झाले होते. मासे अमोनिया बाहेर टाकतात. त्याचे नायट्राइट व पुढे बरेच निरुपद्रवी असे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्यांची वाट आम्ही पाहिलीच नव्हती. वेदीसेवक मुलांनी विचारले, "फादर, मासे कुठे गेले?" खरे उत्तर देणे जड गेले, पण दिले.

पुन्हा आरंभ केला. या वेळी मासा न सोडता चिमूटभर खाद्य टाकत, अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत ४१ दिवस थांबलो. मग एकच मासा आणला, तोही पैदास केंद्रात जन्मलेला. प्रवाळ मात्र आणले नाही. दगडी प्रवाळांना आपल्या कायद्याने २००१ पासून संरक्षण दिले आहे आणि त्यांचे घर समुद्रच.

धीराविषयी आम्ही प्रवचनांतून पुष्कळ बोललो होतो. तो थोडाफार शिकलो, तो या रिकाम्या पेटीसमोर बसून.