फोनोची जाळी

आमच्या मोरजीच्या घरी माजघराच्या कोपऱ्यात एक उभी सागवानी पेटी आहे. आजोबांनी ती मुंबईहून आणली, तेव्हापासून घरात तिला ‘फोनो’ म्हणतात. शास्त्राने पाहिले तर हे नाव चुकीचे. एडिसनने १८७७ साली सिद्ध केलेला फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरीत असे. सपाट तबकडीचे यंत्र बर्लिनरने १८८७ मध्ये काढले आणि त्याला ग्रामोफोन असे नाव दिले. पण घरातल्या माणसाला लहानपणी पडलेले नाव जसे म्हातारपणापर्यंत चिकटून राहते, तसेच वस्तूचेही होते. तेव्हा फोनो तो फोनोच.

जुन्या चित्रांत दिसणारा फुलासारखा कर्णा आमच्या फोनोला नाही. अमेरिकेतील व्हिक्टर कंपनीने १९०६ मध्ये हा कर्णा खाली वळवून पेटीच्या पोटात बसविला, आणि मग त्याच्या तोंडावर लाकडाची कोरीव जाळी आली. जाळीच्या पुढे दोन लहान दारे असतात, ती केवळ शोभेची नव्हेत. या यंत्राला आवाज लहानमोठा करण्याची कळ नसते. दारे सताड उघडली की आवाज मोठा, लोटून घेतली की लहान. किल्ली देणे, दर बाजूला नवी सुई लावणे आणि दारे लोटणे, एवढाच त्याचा सारा विधी.

१९७१ सालच्या चतुर्थीत ही जाळी मोडली. गणपतीच्या जागेवर माटोळीची चौकट चढवीत होतो. मी नऊ वर्षांचा. चौकटीचे एक टोक माझ्या हाती होते, ते निसटले आणि नेमके उघड्या दारांतून जाळीत घुसले. डावी बाजू गेली, मधला भागही गेला. आईने तुकडे वेचून एका डब्यात ठेवले. वडील मला रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी जाड मखमलीचा एक तुकडा आणून चार चुकांनी कर्ण्याच्या तोंडावर ठोकला. ‘सुतार मिळाला की करू’ असे ते म्हणाले. तो सुतार त्यांच्या हयातीत आला नाही.

तेव्हापासून आईची एकच तक्रार असे. तिने या घरात पाऊल टाकले तेव्हा गावात वीज नव्हती. संध्याकाळी दिवेलागणीनंतर फोनो लागे. मास्टर दीनानाथ म्हणजे तिचे दैवत. ते मंगेशीचे, आपल्या मुलखातले, आणि १९४२ साली अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेलेले. या दोन्ही गोष्टींमुळे त्यांच्याविषयी बोलताना तिच्या स्वरात घरच्या माणसाचा जिव्हाळा येई. जाळी मोडल्यावर ती म्हणू लागली, की दीनानाथांच्या तानेतली धार गेली. ते गातात, पण शेजारच्या घरात बसून गातात. आम्ही आधी तबकडी झिजली असे म्हटले. मग सुईला दोष दिला. पुढे तिचे वय झाले तसे आम्ही एकमेकांकडे पाहून हसू लागलो. तिच्या कानाला यंत्र आणावे असाही विचार झाला, आणि तो पुढाकार माझाच होता.

गेल्या वर्षी मखमलीला कसर लागली म्हणून मी ती उपटून काढली आणि सहज एक तबकडी लावली. पहिली तान आली मात्र, मी उभ्या जागी थिजलो. कर्ण्यातून निघालेला स्वर लखलखीत होता. जाड कापड उंच, बारीक स्वर शोषून घेते आणि ढोबळ तेवढे बाहेर सोडते, हे काही मोठे गूढ शास्त्र नव्हे. पण पन्नास वर्षांत आम्हांपैकी कोणालाही ते सुचले नव्हते. आईच्या कानांत दोष नव्हता. पेटीच्या तोंडात आम्हीच बोळा कोंबला होता.

कर्णा उघडा ठेवणे मात्र शक्य नव्हते. आमच्या दमट किनाऱ्यावर पाली, उंदीर आणि झुरळे अशा पोकळ जागेची वाटच पाहत असतात. म्हणून मी पेडण्याकडच्या एका वृद्ध मेस्त्रींना गाठले. देवळांची दारे, पालख्या आणि नवरात्रातली मखरे करण्यात त्यांचे आयुष्य गेले. म्हापशात हल्ली यंत्रावर तासाभरात जाळी कापून मिळते, असे मला पुष्कळांनी सांगितले होते. पण आजोबांच्या पेटीवर तयार नक्षी बसविणे मनाला पटेना.

मेस्त्रींनी डब्यातले तुकडे कागदावर मांडले आणि ते कुठे तुटले ते मला दाखविले. जिथे नक्षीची वेल लाकडाच्या शिरांना आडवी जाते, तिथेच प्रत्येक तुकडा मोडला होता. लाकूड शिरांच्या दिशेने बळकट आणि आडवे नाजूक. एकाच फळीतून वेल कापली, की तिचे प्रत्येक वळण कुठे ना कुठे दुबळे राहणारच. म्हणून त्यांनी आमच्या जुन्या पडवीच्या सागवानी झडपेतून प्रत्येकी एक सूत जाडीच्या तीन फळ्या गिरणीत काढून घेतल्या. मधल्या फळीच्या शिरा आडव्या आणि बाहेरच्या दोहोंच्या उभ्या, अशा त्या सरसाने जोडून दोन दिवस वजनाखाली ठेवल्या. मग उजव्या शाबूत बाजूचा ठसा पातळ कागदावर घेतला आणि तो उलटा करून डावीकडे चिकटविला. प्रत्येक छिद्रात आधी गिरमिटाने भोक पाडायचे, त्यातून बारीक पात्याची करवत ओवायची, आणि कापून झाल्यावर कानशीने कडा मऊ करायच्या. असे नऊ दिवस चालले.

अडचण आली ती मध्यावर. दोन्ही वेली जिथे एकत्र येत, तिथे काहीतरी आकृती होती. तिचा एकही तुकडा डब्यात नव्हता. आई म्हणाली, कमळ होते. आत्या म्हणाली, वीणा. मला स्पष्ट आठवत होता तो मोर, पण हा मोर मी कदाचित गावाच्या नावावरून आणि मोरजाईच्या कथांमधून नंतर घडविला असेल. फोटो नव्हता. मी मेस्त्रींना म्हटले, ‘कमळच घाला. शुभ असते, कोण विचारणार आहे?’

मेस्त्रींनी करवत खाली ठेवली आणि म्हणाले, ‘बाबा, जें म्हायत ना, तें कोरूं नये.’

आणि मध्यावर त्यांनी वेलींची टोके नुसती एका साध्या गोल कड्याला टेकविली. आत मोकळी जागा ठेवली.

त्या वाक्याने मी बराच अस्वस्थ झालो. आपल्या भागात गेल्या काही दशकांत किती देवळांचे जीर्णोद्धार झाले! त्यांत श्रद्धा खरी होती, पैसा कष्टाचा होता. पण कित्येक ठिकाणी जुने कोरीव खांब उतरले आणि त्यांच्या जागी जे आले, त्याला ‘पूर्वी असेच होते’ म्हणण्याची घाई आम्ही केली. भंगलेली मूर्ती आपण विधिपूर्वक विसर्जित करतो आणि नवी मूर्ती ही नवी आहे हे जाणूनच तिची प्रतिष्ठा करतो. त्यात लपवाछपवी नसते. मग खांबांच्या आणि आठवणींच्या बाबतीतच आपण मखमल का ठोकतो? वडिलांनी हानी झाकली, मी ती खोट्या कमळाने भरू पाहत होतो. दोहोंतही हेतू प्रेमाचाच होता, आणि दोहोंनीही खरी गोष्ट दडत होती.

शेवटचे काम चकाकीचे. मेस्त्रींनी स्पिरिटमध्ये विरघळविलेली चपडा लाख कापसाच्या बोळ्याने थरावर थर चढविली. तेव्हा मला एक मौज कळली, की जुन्या तबकड्याही लाखेच्याच असत. पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर किडे जी लाख करतात, तीत दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या दाबीत. पेटीची झळाळी आणि तिच्यातले गाणे ही एकाच किड्याची देणगी. जाळीमागे कापड कोणते लावावे याची परीक्षा मेस्त्रींनी फुंकर घालून केली. जिच्यातून फुंकर अडखळल्याशिवाय पार जाते, ती वीण चांगली. घरातले चार कापडांचे नमुने नापास झाले. पास झाला तो एक जुना, विरळ विणीचा पंचा.

नवी जाळी उजव्या बाजूपेक्षा किंचित उजळ दिसते. ती जुन्यासारखी काळवंडून देण्यास मेस्त्री तयार नव्हते, आणि मीही मग आग्रह धरला नाही.

त्या संध्याकाळी मी आईला खुर्चीवर बसविले, किल्ली दिली, नवी सुई लावली आणि दोन्ही दारे उघडली. तबकडी ती मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची. तीन-सव्वातीन मिनिटांत सारे संपते. तान आली, वर चढली आणि त्या मोकळ्या कड्यातून सरळ खोलीत उतरली. आई डोळे मिटून बसली होती. मी मनात शब्दांची जुळवाजुळव करीत होतो. कानाच्या यंत्राबद्दल तिची क्षमा मागायची होती.

तिने डोळे न उघडताच हात हलविला.

‘दार मातशें लोट रे बाबा,’ ती म्हणाली. ‘आवाज व्हड जाता.’