रेडर परत येतो

सिंधुदुर्गातल्या मसुऱ्याच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा तर आधी कबड्डी नीट बघावी लागते. कॉलेजच्या संघाचा कोच म्हणून मी उभा राहिलो तेव्हा समोर फुटबॉल खेळलेले दोघे-तिघे होते. बाकी सगळे वाडीवाडीच्या कबड्डी संघांतले, आणि एक व्हॉलीबॉलचा. व्हॉलीबॉलवाल्याला गोलकीपर केला. त्याच्याबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही, तो चांगला निघाला.

खरं तर गोवा आम्हाला किती जवळ. 1883 मध्ये शिवोलीला फादर विल्यम लायन्स यांनी पहिला बॉल आणला असं तिथे सांगतात. नोकरीच्या निमित्ताने मी गोव्यात काही वर्षं काढली, तिथल्या गावांत रविवारची माणसं मैदानाकडे कशी निघतात ते पाहिलं. पण पत्रादेवीचा नाका ओलांडून इकडे मासे आले, दारू आली, तियात्राच्या कॅसेटीही आल्या; फुटबॉल मात्र मसुऱ्यापर्यंत काही पोचला नाही. आमच्याकडे टेनिस बॉलचं क्रिकेट आणि कबड्डी.

मोसमाचं वेळापत्रकही भातशेतीला विचारून ठरतं. कॉलेज उघडतं तेव्हा लावणी चालू. ‘सर, लावणी सोपली की येतंय’, असं सांगून निम्मा संघ चिखलात. त्यांना बोलावणं मला पटत नाही, कारण त्या दिवसांत घरात एक माणूस कमी म्हणजे मजुरी वाढली. उरलेल्यांचा खेळ चार-चार जणांचा. मग पावसाने कातळावर शेवाळ धरतं आणि बुटांचे स्टड जांभ्यावर रुतत नाहीत, घसरतात. पोरं बूट काढून गडग्यावर ठेवतात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलंय आणि ते मला ऐकवतात. मग मी त्यांना 1952 चं हेलसिंकी ऐकवतो. थंडीत, युगोस्लाव्हियाकडून 10-1. त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. भाताची कापणी होईपर्यंत मळ्यातलं मैदान मिळत नाही, तोवर हा वाद चालतो.

आता कबड्डीचं. बचाव शिकवायला मी वेगळी तयारी करून गेलो होतो: दोरी. चार बचावपटूंच्या कमरेला एकच दोरी बांधतात, म्हणजे एक सरकला की बाकीचे सरकतात, मधलं अंतर तेवढंच राहतं. दोरी पिशवीतच राहिली. ‘चेन धरा’ म्हटल्यावर चौघांनी आपणहून हात धरले आणि बॉल डावीकडे गेला तसे सगळे मिळून डावीकडे गेले. कव्हरवाल्याने कॉर्नरवाल्याच्या किती मागे राहायचं, तो चुकला तर कोणी धावायचं, हे त्यांच्या अंगात होतं. पुढे हात सोडले तरी साखळी तुटली नाही. ऑफसाइडसाठी चौघांनी एकदम पाऊल पुढे टाकणं शहरातल्या पोरांना महिनोन्महिने जमत नाही. इथे ते एका आठवड्यात आलं.

अडचण पकडीची. ‘सर, धरूचा नाय तर अडवूचा कसा?’ असं आमच्या उजव्या कॉर्नरने अगदी प्रामाणिकपणे विचारलं. त्याला म्हटलं, घोटा धरायच्या आधी तू काय बघतोस? म्हणाला, ‘तेचा वजन खंयच्या पायार आसा ता.’ मग झालं. ज्या क्षणी तो घोट्यावर झेप घेतो, त्याच क्षणी बॉलला पाय घालायचा. तोपर्यंत समोर, जरा वाकून, मागे मागे सरकत राहायचं. बचावाच्या शिकवणीतलं सगळ्यात अवघड पान त्याला आधीच येत होतं. पहिल्या सामन्यात त्याने दोनदा शर्ट ओढला आणि पिवळं कार्ड घेतलं, पण तेवढंच.

तालमीतल्या अंगावर फुटबॉल चढवणं हे काही माझं डोकं नव्हे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या नावांपुढे अजून ‘तालीम’ आहे आणि त्यांचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात. कुस्तीने त्या पोरांना काय दिलं हे कोल्हापूरकरांनी लिहावं. मला कबड्डीचं काय कामाचं आणि काय आड येतं तेवढं कळत होतं, आणि आड काय येतं ते रेडरने दाखवलं.

आमचा रेडर पंचक्रोशीत नावाजलेला. वेग, कमरेतून झुकांडी, दोघांच्या मधून निसटणं, सगळं होतं. साहजिकच तो फॉरवर्ड. तो बॉल घेऊन निघायचा, बचावपटूला चुकवायचा, समोर नुसता गोलकीपर, आणि तिथे वळायचा. दर वेळी. गोलकडे पाठ करून, बॉल पायात घेऊन, आपल्या हाफकडे. कठड्यावर बसलेली म्हातारी माणसं ओरडायची, ‘अरे मेल्या, फुडे!’ त्याला स्वतःलाही कळत नव्हतं आपण का वळतो.

कबड्डीत तीस सेकंदांची चढाई. मध्यरेषेपासून निदान रेषा 3.75 मीटर, बोनस त्यापुढे एक मीटर. आत जायचं ते परत येण्यासाठीच. परत आला नाही तर बोनस सोडून आत जे केलं ते फुकट. लहानपणापासून हेच अंगात मुरलेलं. बचाववाल्यांची सवय मैदान बदललं तरी कामाला आली, चढाईवाल्याची उलटी पडली. मी कोन ठेवले, मागे दुसरा खेळाडू धावायला लावला, गोलसमोर नुसते फटके मारून घेतले. सरावात सुधारायचा. सामन्यात दम लागला की पुन्हा वळायचा.

एकेकाळी हैदराबादच्या शाळेत शिकवलेले, भारतीय संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम यांनी 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंगला बचावातून काढून पुढे खेळवलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने गोल केला. सामना 2-1 जिंकला. मी उलटं केलं, आमच्या रेडरला लेफ्ट बॅक केलं. कडेकडेने वर जा, क्रॉस टाक आणि परत ये. ‘परत ये’ म्हटल्यावर त्याचा चेहरा मोकळा झाला.

विद्यापीठाच्या स्पर्धेत आम्ही एक सामना जिंकलो तो त्याच्याच क्रॉसवर. हेडर मारणारा चौथीपासून कव्हर खेळलेला. पुढच्या सामन्यात हरलो. शेवटच्या वीस मिनिटांत आमच्याकडे पुढे धावणारं कोणीच नव्हतं, सगळा संघ बचाव उत्तम करत होता. प्रिन्सिपलसरांनी विचारलं, पुढच्या वर्षी काय हवं? मी बूट सांगितले, जाळी सांगितली, आणि प्रवेशाच्या वेळी मला खो-खो खेळलेल्या पोरांची यादी द्या म्हटलं. त्यांना वाटलं मी खेळ बदलतोय. पण खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. वळला तर फाऊल.