मॉड आपला, किल्ली कुणाची?

‘क्रिकेट ०७’ खेळलेल्यांनी हात वर करा! पैज लावून सांगतो, तुमच्या ऑफिसात निम्मे हात वर जातील आणि त्यातला एखादा थेट टीम लीडरचा असेल. ईए स्पोर्ट्सचा हा गेम आला नोव्हेंबर २००६ मध्ये. त्यानंतर कंपनीने पीसीसाठी क्रिकेटचा पुढचा गेम काढलाच नाही. लायसन्स होतं मुख्यतः इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचं, त्यामुळे आपल्या टीममधल्या खेळाडूंची नावं भलतीच. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, म्हणजे गेममध्ये तिचा पत्ताच नाही.

मग हा गेम इतकी वर्षं जगला कसा? पॅचवर! देशोदेशीच्या हौशी पोरांनी नव्या जर्सी, बॅटवरचे स्टिकर, स्टेडियम, स्कोअरबोर्ड, खेळाडूंच्या याद्या असं सगळं स्वतः बनवलं आणि फुकट वाटलं. कुणी त्याला मॉड म्हणतं, कुणी अ‍ॅड-ऑन. आमच्याकडे एकच शब्द, पॅच.

आमच्याकडे म्हणजे अहमदपुरात. लातूरहून नांदेडला जाताना लागतं ते. माझ्या शाळेच्या दिवसांत घरी इंटरनेट असणारी पोरं बोटावर मोजण्याइतकी. बाकीच्यांसाठी एक कॅफे, सहा कॉम्प्युटर आणि एक भैया. लोडशेडिंगचं वेळापत्रक आम्हाला परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा जास्त पाठ! नवा पॅच भैया रात्रभर डाउनलोडला लावायचा आणि दुसऱ्या दिवशी दहा रुपयांत पेनड्राइव्हवर टाकून द्यायचा. ओरिजिनल सीडी गावात कुणी पाहिली होती की नाही, हा प्रश्न आपण इथे नको काढूया.

अहमदपूर इलेव्हन

माझा एक वर्गमित्र मात्र नुसता खेळणारा नव्हता. त्याने दोन महिने खपून स्वतःचा पॅच बनवला. एका टीमच्या जागी ‘अहमदपूर इलेव्हन’. ओपनिंगला आम्ही दोघं, विकेटकीपर आमचे पीटीचे सर, जर्सी आमच्या शाळेच्या स्वेटरच्या रंगाची. स्कोअरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचं नाव. ‘काय करलालास रं दिवसभर त्या डबड्यावर?’ असं त्याच्या आईने किती वेळा विचारलं असेल, त्याची गणती नाही.

भैयाने तो पॅच सहाही मशीनवर चढवला आणि धंदा जोरात! फक्त एक झालं. आठवडाभरात गेम सुरू होतानाच्या स्क्रीनवर कॅफेचं नाव आणि मोबाइल नंबर झळकायला लागला, आणि स्कोअरबोर्डवरचं मित्राचं नाव गायब. तो भांडायला गेला. भैयाचं उत्तर तयार होतं : ‘मशीन माझी, लाइट बिल माझं. तुझं काय हाय यात?’

चिडून त्याने पॅच एका फुकट फाइल ठेवून देणाऱ्या छोट्या साइटवर टाकला. तिथे नाव त्याचं होतं, डाउनलोडचा आकडा त्याचा होता. सुदानमधल्या एका मुलाने ‘थँक्स ब्रदर’ लिहिलं तेव्हा त्याने आख्ख्या वर्गाला सामोसे खाऊ घातले. मग एक दिवस ती साइटच बंद पडली. ना नोटीस, ना मेल. घरच्या पीसीची हार्ड डिस्क त्याआधीच गेलेली. दोन महिन्यांची मेहनत साफ!

त्या काळात हे अनेकांचं झालं. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने मेगाअपलोड बंद पाडलं, मार्च २०१५ मध्ये रॅपिडशेअरने शटर ओढलं. जगभरच्या मॉडच्या किती लिंका त्या दिवशी मेल्या असतील, कोण मोजणार?

मामा, हे कुणाचं असतं?

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचा. वय वर्षं तेरा, माइनक्राफ्टचा पक्का भक्त. मध्यंतरी त्याने फोनवर विचारलं, ‘मामा, मॉड कुणाचा असतो? बनवणाऱ्याचा, गेमवाल्यांचा, का जिथून आपण घेतो त्यांचा?’

कायद्याचं उत्तर लांबलचक आहे. व्यवहाराचं उत्तर छोटं आहे. ज्याच्या हातात दुकानाची किल्ली, त्याचा.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चंच बघा. मार्च २००९ मध्ये ब्लिझार्डने नियम काढला की अ‍ॅड-ऑन फुकटच द्यायचा, त्यात जाहिरात टाकायची नाही. ठीक आहे. पण ज्या साइटवरून तो उतरवायचा, तिथे जाहिराती खुशाल चालू! अशा साइटपैकी मोठी म्हणजे कर्स. २०१६ मध्ये ती ट्विचने घेतली, म्हणजे पर्यायाने अ‍ॅमेझॉनकडे गेली. २०२० मध्ये तिचा कर्सफोर्ज हा मॉडचा भाग ओव्हरवुल्फ या इस्रायली कंपनीने घेतला. चार वर्षांत दुकानाचे दोनदा मालक बदलले. माल बनवणाऱ्या पोरांना विचारलं कुणी?

खरी बोंब झाली २०२२ मध्ये. तोवर कर्सफोर्जवरचे मॉड दुसऱ्यांनी बनवलेल्या साध्या, बिनजाहिरातीच्या अ‍ॅपमधूनही उतरवता यायचे. ओव्हरवुल्फने तो जुना रस्ता बंद केला. नव्या रस्त्यावर परवानगीचा टोलनाका आला. शिवाय ‘माझा मॉड बाहेरच्या अ‍ॅपला देऊ नका’ असं सांगायची सोय मॉड बनवणाऱ्यांना मिळाली. ज्यांनी तसं सांगितलं, त्यांचे मॉड दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आपोआप येईनात. साइटवर जा, एकेक फाइल हाताने उतरवा. दीडशे मॉडच्या पॅकमधले दहा-पंधरा असे निघाले की संध्याकाळ गेलीच!

स्टीमची गोष्ट वेगळी, पण सूर तोच. ‘सिटीज : स्कायलाइन्स’ तुम्ही एपिकच्या दुकानातून घेतला, तर स्टीम वर्कशॉपमधली मॉडची खाण तुमच्यासाठी बंद. एप्रिल २०१५ मध्ये स्टीमने ‘स्कायरिम’चे मॉड विकायला काढले, तेव्हा बनवणाऱ्याच्या हातात किती पडणार होते? शंभरातले पंचवीस. खेळाडू असे खवळले की चार दिवसांत योजना गुंडाळली.

दुकानदाराची बाजू

आता दुसरी बाजूही ऐकून घ्या. सर्व्हर फुकट चालत नाहीत. भैयाचं लाइट बिल खरंच होतं! ओव्हरवुल्फ जाहिरातीच्या कमाईतला वाटा मॉड बनवणाऱ्यांना देतं, आणि काही पोरांचा कॉलेजचा खर्च त्यातून निघत असेल तर कोण नाही म्हणेल? जून २०२३ मध्ये कर्सफोर्जवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस घुसला, तेव्हा फाइल शोधून काढायला दारावर माणूस लागतोच, हेही कळलं.

म्हणून माझं भांडण दुकानदाराशी नाही. गावात एकच दुकान असण्याशी आहे.

नेक्सस मॉड्सने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलं की यापुढे मॉड बनवणाऱ्याला स्वतःची फाइल कायमची पुसता येणार नाही, फक्त बाजूला ठेवता येईल. कारण दिलं ते खेळाडूच्या सोयीचं : एक फाइल गेली की तिच्यावर उभा असलेला अख्खा संच कोसळतो. कारण खोटं नव्हतं. पण ज्याने बनवलं, त्यालाच आपल्या वस्तूवर ‘नाही’ म्हणता येऊ नये? अनेकांनी मिळालेल्या महिनाभराच्या मुदतीत आपले मॉड काढून घेतले. पुढे जून २०२५ मध्ये नेक्ससच्या संस्थापकाने, २००१ पासून चालवलेली ही साइट नव्या मालकांकडे सोपवल्याचं जाहीर केलं.

आणि आपण मोबाइलवाले सुटलो, असं समजू नका. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, १४ फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायरवर. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय स्टोअरमधून गायब झाला तो परतला मे २०२३ मध्ये. बंदीची कारणं सरकारची आणि वेगळी, पण पॉकेटमनीतून घेतलेल्या स्किनचं काय होणार, हे सांगायला पोरांपाशी कुणी नव्हतं. पीसीवरच्या मॉडची निदान कॉपी ठेवता येते. स्किनची तीही सोय नाही.

भैयाची अडगळ

मित्राच्या पॅचचं काय झालं, ते राहिलंच. भैयाचा कॅफे केव्हाच बंद झाला, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत अडगळ आवरताना त्याला एक जुना सीपीयू सापडला आणि त्याने स्वतःहून मित्राला बोलावून घेतलं. मशीन चालू झाली. स्क्रीनवर कॅफेचं नाव, जुना मोबाइल नंबर आणि आत अख्खी अहमदपूर इलेव्हन, पीटीच्या सरांसकट. ज्याने नाव पुसलं, त्याच्याकडेच काम शिल्लक राहिलं! मित्राने पहिलं काम काय केलं असेल? स्कोअरबोर्डच्या कोपऱ्यात आपलं नाव परत टाकलं आणि फाइल आम्हा सहा जणांना पाठवली.

भाच्याला मी तेव्हापासून तीन गोष्टी सांगून ठेवल्यात. मॉड बनवणाऱ्याचं नाव वाच. जमेल तेव्हा त्याला थेट दोन पैसे दे. आणि आवडलेल्या मॉडची एक कॉपी स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेव. २०२० मध्ये सुरू झालेल्या मॉडरिंथसारखं, आपला कोड उघडा ठेवणारं दुसरं दुकान असेल, तर तिथेही चक्कर मार. स्पर्धा असली की दुकानदार जरा नीट बोलतो.

तुम्हीही हा शनिवार-रविवार गेमिंगसाठी राखून ठेवला असेल, तर त्यातली दहा मिनिटं काढा. मॉडचा फोल्डर उघडा, कॉपी करा, पेस्ट करा. घराची एक जास्तीची किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवतोच ना आपण?