सीतेची वेणी

ज्यास उभ्या जन्मात दारची तुळसदेखील नीट जगविता आली नाही, त्याने सीतेच्या वेणीविषयी चार शब्द लिहावेत, हे धाडसच होय. परंतु इंग्रजी काव्य शिकविण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि त्या काव्यातील डॅफोडिलची फुले आम्ही किंवा आमच्या विद्यार्थ्यांनी कधी पाहिलेली नव्हती. तेव्हा न पाहिलेल्या फुलांवर अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा सराव दांडगा आहे. या फुलाची ओळख तरी प्रत्यक्ष आहे, आणि ती आम्हांस महाग पडलेली आहे.

चार वर्षांमागे वळवाच्या एका वादळात आमच्या कोकणातील घराच्या अंगणातला जुना आंबा पडला. त्या घरी आमची आत्या एकटीच राहत असे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने तेथे एकटे राहू नये, असे ठरवून आम्ही तिला पुण्यास आणावयास गेलो होतो. तिने सामान फारसे घेतले नाही. एक ट्रंक, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, आणि आंब्याच्या पडलेल्या फांदीवरून अलगद सोडविलेले जाड, लांबट पानांचे एक रोप. त्या पानांचे टोक कोणी दातांनी तोडावे तसे खाचदार असते. लॅटिन नावातील ‘रेटुसा’ हा शब्द त्या खाचेवरूनच आलेला आहे. आत्याला लॅटिनशी कर्तव्य नव्हते. ‘हिला मेअखेर फुले येतात,’ एवढेच ती म्हणाली.

प्रवासाच्या शिणाने ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली आणि रोपाचा कारभार आमच्या हाती आला. आम्ही एक उत्तम कुंडी आणिली, तीत काळी माती व शेणखत भरले, आणि रोप तीत चांगले खोल लावून सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. पदवीधर माणसाने काळजी घ्यावयाची म्हटल्यावर ती अशीच घ्यावयाची. दहाव्या दिवशी खालची पाने पिवळी पडली व कुंडीला कुबट वास येऊ लागला.

त्याच सुमारास आमचे एक जुने स्नेही घरी आले. कुंडीकडे पाहून त्यांनी ‘हे काय?’ असे विचारिले. आम्ही हसत उत्तरलो, ‘बांडगूळ आहे. आत्याबरोबर कोकणातून आले. दुसऱ्याच्या जिवावर जगायची सवय. स्वतःच्या मुळांवर उभे राहणे कोठून जमणार!’

आतल्या खोलीचे दार उघडे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठून बाहेर आली. तिने रोप कुंडीतून उपसले, सडलेली मुळे कात्रीने छाटली, दोन दिवस ते सावलीत उघडे ठेविले, आणि मग आंब्याच्या ओंडक्याला काथ्याने बांधून पूर्वेच्या गॅलरीत टांगिले. ‘अरे, हिच्या मुळांना वारा लागतो, माती नव्हे,’ ती म्हणाली. नंतर पदराची गाठ सोडीत तिने सहज विचारावे तसे विचारिले, ‘महिन्याला माझ्या जेवणाचे किती होतात रे?’

आम्ही त्या वेळी काय बोललो, ते येथे लिहिण्याजोगे नाही. कारण काहीच बोललो नाही.

ज्यास क्षमा मागता येत नाही तो ग्रंथ चाळतो. आम्ही ग्रंथालयात जाऊन संतापाव व कपाडिया यांचा मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवरील १९६६ चा ग्रंथ काढिला व आणखी बरेच काही वाचिले. बांडगूळ आपले मूळ फांदीच्या लाकडात शिरवून झाडाचे पाणी व क्षार ओढून घेते. सीतेची वेणी तसे काहीच करीत नाही. तिची मुळे सालीला नुसती बिलगतात. त्यांवर मृत पेशींचे पांढरे, स्पंजासारखे वेष्टन असते. पावसाचे, दवाचे पाणी ते टिपून घेते. भिजल्यावर तेच मूळ हिरवे दिसू लागते, कारण आतला हिरवा थर उन्हात पानांप्रमाणे अन्न तयार करीत असतो. ती झाडाकडून घेते ती केवळ जागा व उजेड. लिनीयसने १७५३ साली तिला ‘झाडावरची’ अशा अर्थाच्या नावाखाली घातले, तेही याच बिऱ्हाडावरून. आसामात तिलाच ‘कोपौ’ म्हणतात. बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात, आणि त्या राज्याचे राज्यपुष्पही तीच आहे.

हे सारे आम्ही चहाच्या वेळी आत्यास सविस्तर ऐकविले. (तिच्या धुळीसारख्या बीजात अन्नाचा साठाच नसतो, व एका बुरशीने पोसल्याखेरीज रानात ते रुजत नाही, एवढे मात्र आम्ही मुद्दाम गाळले.) तिने शांतपणे ऐकून घेतले. ‘हे मला ठाऊक नव्हते असे वाटते का तुला? चाळीस वर्षे ती त्या आंब्यावर होती. आंबा एक वर्षही कमी धरला नाही.’ मग कपबशी उचलता उचलता ती म्हणाली, ‘आणि मला कशाला सांगतोस? ज्याला सांगितलेस त्याला सांग.’

रोपास सावरावयास दोन पावसाळे लागले. सकाळी एकदा पाणी, रात्रीपर्यंत मुळे कोरडी, दुपारच्या उन्हापासून आडोसा, आणि थंडीत हात आखडता. याहून तिचा दुसरा हट्ट नाही. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात पानांच्या बगलेतून एक दांडा निघाला आणि खाली झुकत वीतभर लांबला. एके सकाळी त्यावर पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांची शंभरावर फुले दाटीने उमललेली दिसली. सुवास मोगऱ्यासारखा अंगावर येणारा नव्हे. जवळ जाऊन थोडे थांबावे तेव्हा कळणारा.

आम्ही त्या स्नेह्यांस बोलाविले. ‘हेच का ते बांडगूळ?’ त्यांनी विचारिले. ‘नव्हे. आम्ही त्या दिवशी चुकीचे बोललो,’ असे आम्ही आत्यादेखत सांगितले. ती चहात साखर घालीत होती. तिने वर पाहिले नाही.

आत्या अजूनही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस काही नोटा बाळकृष्णाच्या पाटाखाली ठेविते. ती दुपारी निजली, की आम्ही त्या तिच्या ट्रंकेत परत नेऊन ठेवितो. याविषयी उभयतांपैकी कोणीही आजवर अवाक्षर काढिलेले नाही.