समोरच्याची बाजू, त्याला पटेल अशी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे देशभरच्या जैनांना ठाऊक आहे. मूर्ती जमिनीपासून किंचित अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून ‘अंतरिक्ष’. श्वेतांबर आणि दिगंबर हे दोन्ही पंथ या तीर्थाला आपलं मानतात. 1905 मध्ये त्यांनी पूजेचं वेळापत्रक ठरवून घेतलं, अमुक वेळ यांची, अमुक वेळ त्यांची. तंटा तरीही मिटला नाही. अकोल्याच्या न्यायालयातून निघालेला दावा 1929 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला. 1981 पासून मंदिराला कुलूप लागलं आणि भाविक झरोक्यातून दर्शन घेत राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 च्या मार्चमध्ये ते उघडलं.

वेळापत्रक का पुरलं नाही, हा प्रश्न एकत्र विचार करायला शिकवणाऱ्या कुणालाही अडवून ठेवील असा आहे. तास वाटता येतात. पण वादाच्या मुळाशी मूर्तीवरचा लेप होता, त्या लेपात कंदोऱ्याची, म्हणजे कमरेच्या दोऱ्याची, खूण असावी की नसावी हा मुद्दा होता, आणि लेप काही तासांपुरता चढवून उतरवता येत नाही. तो दोघांच्याही वेळेत मूर्तीवर असतोच. जिथं वाटणी संपते तिथं दुसऱ्याचं म्हणणं समजून घेण्याला पर्याय राहत नाही.

ते म्हणणं मांडून पाहण्यासारखं आहे. दिगंबर भाविकाच्या दृष्टीनं तीर्थंकरांनी सगळं सोडलं, वस्त्रही सोडलं. कंदोऱ्याची रेघ मूर्तीवर आली की ज्या वीतरागतेपुढे तो हात जोडतो तीच झाकली जाते. श्वेतांबर भाविकाच्या दृष्टीनं लेप म्हणजे मूर्तीची सेवा आणि राखण आहे. पूर्वजांनी ज्या रूपात तिची पूजा केली ते रूप झिजू देणं म्हणजे आपल्या वाट्याचं कर्तव्य टाकणं. ही दोन वाक्यं लिहायला सोपी वाटतात. ती ज्याची त्याला वाचून दाखवावीत आणि त्यानं ‘हो, असंच’ म्हणावं, इथं खरी मेहनत आहे.

या मेहनतीची जैन परंपरेइतकी बारकाईनं आखणी फार थोड्यांनी केली असेल. अनेकांतवाद, म्हणजे सत्य एकाच बाजूनं पुरं दिसत नाही हा विचार, दोन्ही पंथांचा. दिगंबर आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त तो मांडला, सिद्धसेन दिवाकरांनी ‘सन्मतितर्का’त. आठव्या शतकातल्या हरिभद्रसूरींनी, जे श्वेतांबर होते, ‘षड्दर्शनसमुच्चया’त बौद्ध, नैयायिक, सांख्य अशी दर्शनं एकेक करून सांगितली, आणि ती सांगताना खंडनाची घाई केली नाही. उमास्वातींचं ‘तत्त्वार्थसूत्र’ तर दोन्ही पंथांना मान्य. दिगंबर पाठात 357 सूत्रं, श्वेतांबर पाठात 344. काही सूत्रांवर मतभेद ठेवूनही ग्रंथ एकच राहिला, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला फार मोलाची वाटते.

त्याच ग्रंथात नय येतात, म्हणजे वस्तूकडे पाहण्याच्या बाजू. पुढे त्या सात म्हणून रूढ झाल्या. संग्रहनय सगळ्यांत समान काय ते पाहतो, व्यवहारनय रोजच्या वापरात भेद कुठे पडतो ते, ऋजुसूत्रनय फक्त या क्षणाचं. तत्त्वज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात ही यादी कोरडी होऊन बसते. अभ्यासवर्गात मात्र तिचा जिवंत उपयोग होतो.

सोयाबीनचंच घ्या. काढलेलं सोयाबीन लगेच विकावं की भाव चढेपर्यंत ठेवावं, हा वाशीमकडच्या घराघरातला दिवाळीच्या सुमाराचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखक अभ्यासवर्गात तो देतो आणि तिघांना समोरासमोर बसवतो. पहिला आपलं मत सांगतो. दुसऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, पहिल्याचंच म्हणणं परत सांगायचं. तिसरा नुसता ऐकतो आणि कुठलं वाक्य बदललं ते टिपतो. पहिल्याचं मत असतं, लगेच विकावं. दुसरा सांगतो, “यांना धीर नाही, म्हणून विकतात.” पहिला उसळतो, “म्या तसं म्हटलंच नाई. मले घाई नाई, ओलं सोयाबीन घरात ठेवाले जागा नाई.” दुसरा पुन्हा प्रयत्न करतो. आता त्याच्या वाक्यात उसनवारी येते, हरभऱ्याच्या पेरणीचा खर्च येतो, जागेची अडचण येते. पहिला मान हलवतो, पण म्हणतो, ओलावा आधी सांग.

ओलावा आधी, कारण हमीभावाच्या खरेदीत मर्यादा 12 टक्क्यांची. 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती. ज्याचा माल त्याहून ओला, त्याच्यासाठी ‘ठेवावं की विकावं’ हा प्रश्नच वेगळा आहे. ऋजुसूत्राच्या बाजूनं आजची निकड दिसते, संग्रहाच्या बाजूनं साऱ्या गावाचा माल एकाच आठवड्यात बाजारात उतरताना दिसतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि हे कुणी बाहेरून सांगितलेलं नसतं.

असं ऐकून घेण्याची तालीम आयुर्वेदातही आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी एकमेकांशी बोलण्याचे दोन प्रकार दिले आहेत. एक मिळून करायचा संवाद, दुसरा जिंकण्यासाठीचा. चरक दुसऱ्याची साधनंही शिकवतो, कारण तसे लोक भेटतातच. पण कुणाशी कुठला प्रकार करायचा हे आधी ओळखावं, असा त्याचा आग्रह आहे. एकमेकांशी बोलण्यानं वैद्याचं ज्ञान वाढतं आणि शंका फिटतात, म्हणून शास्त्रातच संवादाची तालीम घातलेली. आपल्याकडे वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांना ढाली मिळतात. समोरच्याचं म्हणणं उत्तम मांडणाऱ्याला एक तरी ढाल असायला हवी.

समोरच्याचं म्हणणं त्याच्या भाषेत समजून घेण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. तत्त्वज्ञ दयाकृष्ण आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी जवळचं नातं असलेले तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे यांनी 1983 मध्ये पुण्यात संस्कृतात विचार करणारे पंडित आणि इंग्रजीत शिकलेले प्राध्यापक एकत्र बसवले. चर्चेला बर्ट्रांड रसेलची विधानाविषयीची उपपत्ती होती, आणि ती पंडितांपुढे संस्कृतात ठेवली गेली. म्हणजे पूर्वपक्ष, ज्याची तपासणी करायची ते मत, त्यांच्या भाषेत गेला. पंडितांनी न्यायशास्त्राच्या बळावर तिच्यावर प्रश्न केले आणि प्राध्यापकांना आपलंच सामान नव्यानं तपासावं लागलं. ‘संवाद’ या नावानं तो वृत्तांत 1991 मध्ये पुस्तकरूपानं आला. पुढे सारनाथच्या अशाच बैठकीत पं. बदरीनाथ शुक्ल या नैयायिकांनी वेगळा आत्मा न मानता देहालाच आत्मा मानून न्यायदर्शन उभं राहील का, हे स्वतः तपासून दाखवलं. आयुष्यभर ज्या मताची बाजू घेतली त्याच्याविरुद्ध इतक्या ताकदीनं विचार करायचा, तर समोर नीट ऐकणारे लागतात.

सोयाबीनच्या त्या सरावात एक उणीव बरेच दिवस राहते. तिघंही पुरुष असतात. माल पसरायचा, उलथायचा, पावसाची सर आली की गोळा करायचा, हे काम बहुतेक घरांत बायकांच्या हातचं. त्या बसल्या की मांडणी बदलते. दाणा दाताखाली घेऊन त्या वाळला की नाही ते सांगतात आणि लगेच विचारतात, वाळवायला जागा कुठे आहे? ‘विकावं की ठेवावं’ बाजूला पडतं. शाळेचं पटांगण सुट्टीत मिळेल का, मंदिरापुढचा फरशीचा चौक मिळेल का, ताडपत्र्या कुणाकडे किती, असं बोलणं सुरू होतं. मग तिसऱ्यानं पाटी पुसून नवा प्रश्न लिहायचा आणि तिघांची जागा बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.